जळालेले दप्तर आणि उरलेली रद्दी

आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ या दोन जनगणना शेजारी ठेवून वाचल्या तर एक गंमत दिसते. मधे वर्षे गेली दहा, पण खेड्यापाड्यांतली कितीतरी म्हातारी माणसे तेवढ्यात पंधरा-पंधरा, अठरा-अठरा वर्षांनी वाढलेली आहेत. पहिल्या खेपेला पंचावन्न वर्षांची म्हणून नोंदलेली बाई दुसऱ्या खेपेला बाहत्तरीची असते. याचे कारण कायद्यात होते. ब्रिटिश सरकारने १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. म्हणजे १९०९ मध्ये सत्तरीत असलेल्या एकाही माणसाकडे जन्माचा सरकारी दाखला असणे शक्यच नव्हते. मग अर्जदार आपल्या आईबापांची नावे आणि गाव सांगे, ती विनंती डब्लिनला जाई, तिथला कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेचे गठ्ठे सोडून ते घर शोधी आणि सापडलेच तर घरातल्या माणसांची नावे-वये उतरवून पाठवी. पाच शिलिंगांसाठी कोणी वय वाढवले, कोणाला खरोखरच आपले वय ठाऊक नव्हते, तर कोणी आधीच्या खेपेला ते कमी सांगितले होते. यातला कोण कुठल्या प्रकारातला, हे नुसती जनगणना वाचून कळत नाही.

पूर्वजांचा माग काढणाऱ्याने ही नुसती मौज म्हणून सोडून देऊ नये. सरकारी कागद म्हणजे पक्का पुरावा आणि वर्तमानपत्र म्हणजे फार तर तोंडी लावणे, अशी जी उतरंड आपल्या मनात असते तिला इथेच तडा जातो. जन्माची नोंद ठरल्या मुदतीत केली नाही तर दंड पडत असे. कामाच्या धबडग्यात उशीर झालेला बाप कचेरीत गेला की तारीखच पुढची सांगे. परिणामी कित्येक मुलांचा बाप्तिस्मा त्यांच्या सरकारी जन्मतारखेच्या आधीच उरकलेला दिसतो. नावांची तर आणखीच गुंतागुंत. घरात आयरिश, कचेरीत इंग्रजी आणि कॅथलिक पाद्र्याच्या वहीत बहुधा लॅटिन, अशा तीन भाषांतून एकच माणूस फिरत असे. घरचा टाइग इंग्रजी कागदावर टिमथी होई, डिअरमिडचा जेरेमाया होई, ऑनोरा कधी नोरा तर कधी हॅना आणि ब्रिजेटची डीलिया. आडनावामागचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ एका पिढीत गळून पडत, दुसऱ्या पिढीत परत येत. नोंदणी खात्यातले अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांना १८९० मध्ये अशा पर्यायी नावांचे पुस्तकच कचेऱ्यांसाठी काढावे लागले. त्यात भर म्हणजे नाव ठेवण्याचा रिवाज असा की थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव. चार भावांना चार मुलगे झाले की एकाच गावात, एकाच नावाचे, साधारण एकाच वयाचे चार चुलतभाऊ तयार. तेव्हा वय भरवशाचे नाही आणि नावही पुरेसे नाही, तर माणूस ओळखायचा कशावरून? आयर्लंडपुरते याचे उत्तर आहे: ठिकाणावरून. आणि घर सोडून गेलेल्या सामान्य माणसाचे ठिकाण जितक्या वेळा जुन्या वर्तमानपत्रात सापडते तितके दुसऱ्या कुठल्याही कागदात सापडत नाही.

हे म्हणणे पटवून देण्याआधी त्या प्रसिद्ध आगीचा हिशेब नीट लावायला हवा. कारण ‘आयर्लंडचे सगळे कागद जळाले, आता काही लागत नाही’ ही समजूत अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या आयरिश घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारावरून आयरिश लोकांतच फूट पडली. कराराला विरोध असलेल्यांनी एप्रिलमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या संकुलाचा ताबा घेतला. जूनअखेर नव्या सरकारने त्यावर तोफा डागल्या आणि ३० जूनला झालेल्या स्फोटाने व आगीने शेजारचे सार्वजनिक अभिलेखागार खाक झाले. अर्धवट जळलेले कागदाचे कपटे शहरभर उडत राहिले. गेले ते काही थोडेथोडके नव्हते. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे काही तुकडे वगळता सगळे गेले, मृत्युपत्रे गेली, प्रॉटेस्टंटांच्या चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद आगीच्या कितीतरी आधी सरकारी हुकुमानेच नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणजे आठांपैकी चार जनगणना कचेरीनेच संपवल्या. दोष मात्र सगळा आगीच्या माथी मारला जातो.

उलट जे त्या इमारतीत कधी नव्हतेच ते वाचले. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या आपापल्या चर्चमध्येच होत्या. नॅशनल लायब्ररीने पुढे त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि २०१५ मध्ये त्या सर्वांना फुकट पाहण्यासाठी इंटरनेटवर खुल्या केल्या. १८६४ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी वेगळ्या खात्याकडे होत्या. चर्च ऑफ आयर्लंडच्याही ज्या वह्या गावातच राहिल्या त्या टिकल्या. बराक ओबामा यांच्या आईकडचा एक पूर्वज, फालमथ कर्नी, १८५० मध्ये ऑफली काउंटीतल्या मनीगॉल गावाहून अमेरिकेला गेला होता हे २००७ मध्ये सिद्ध झाले ते गावाकडेच राहिलेल्या अशा वहीमुळे. २०२२ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना लोकांपुढे आली तीही इतरत्र गेलेल्या नकला गोळा करून. आत काय काय होते याची छापील यादी हर्बर्ट वूड यांनी आगीच्या तीनच वर्षे आधी, १९१९ मध्ये काढली होती, म्हणून निदान काय शोधायचे ते ठाऊक होते. यातून एक गोष्ट उघड होते. ज्याची एकच प्रत होती ते गेले, ज्याच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी होत्या ते उरले. वर्तमानपत्राइतक्या प्रती कशाच्या असतात? बेलफास्ट न्यूज-लेटर १७३७ पासूनचे, फ्रीमन्स जर्नल १७६३ पासूनचे. त्यांचे गठ्ठे डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीत होते आणि लंडनमध्येही जमा होत होते. फोर कोर्ट्‌सच्या आगीची झळ त्यांना लागण्याचा प्रश्नच नव्हता.

आता ठिकाणाकडे. आयर्लंडमध्ये स्वतःचे नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. इंग्रजी नाव ऐकून शहर डोळ्यांपुढे येते, प्रत्यक्षात तो आपल्या वाडीसारखा, कधी चार-सहा घरांचा शिवार असतो. देशभरात असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. अनेक टाउनलँड मिळून पॅरिश, पॅरिशांवर बॅरनी, त्यावर काउंटी. टाउनलँड कळला की बाकीची दारे उघडतात, कारण चर्च कुठले, नोंदणीचा जिल्हा कुठला, जमीनदार कोण, हे सगळे त्यावरून ठरते. १८२३ ते १८३७ या काळातल्या चर्च-कराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली छापून निघालेली जमिनींची मूल्यांकन-यादी, या दोन्ही टाउनलँडवार आहेत. जनगणना गेल्यामुळे आज त्यांनाच जनगणनेच्या जागी वापरतात. ग्रिफिथच्या यादीतली एक ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. आधी नकाशावरचा क्रमांक, मग कसणाऱ्याचे नाव, मग तो ज्याच्याकडून जमीन धरतो त्याचे नाव, मग घर-गोठा-जमीन असे वर्णन, क्षेत्रफळ आणि शेवटी जमिनीचे व घराचे करासाठी ठरवलेले मोल. बायकोमुलांचा पत्ता नाही. पण एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले की कारकून नावापुढे कंसात खूण करी: कोणी ‘तांबड्या’, कोणी ‘काळ्या’, कोणाच्या पुढे बापाचे नाव. गावाने ठेवलेले टोपणनाव असे सरकारी कागदावर चढले. पुढच्या दशकांत हीच यादी वेगवेगळ्या रंगांच्या शाईने दुरुस्त होत गेली आणि प्रत्येक रंग एकेका सालाचा. जुने नाव खोडून त्याच आडनावाचे दुसरे नाव वर आले की त्या सुमारास म्हातारा वारला किंवा त्याने जमीन मुलाच्या नावे केली, असा अंदाज बांधता येतो.

अडचण आहे ती टाउनलँडपर्यंत पोचण्याची. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. बटाट्यावरच्या रोगामुळे १८४५ पासून पडलेल्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, ती साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. ही गेलेली माणसे परदेशी कचेरीत पोचली की त्यांच्या कागदावर जन्मस्थान म्हणून एकच शब्द पडे: आयर्लंड. अमेरिकेच्या जनगणनेत तेवढेच, जहाजाच्या यादीत बहुधा तेवढेच, नागरिकत्वाच्या जुन्या कागदातही बऱ्याचदा तेवढेच. न्यूयॉर्कमधल्या कारकुनाला कॉर्क काय नि क्लेअर काय, सारखेच. त्याला फक्त देश नोंदवायचा होता. टाउनलँडचे नाव घेण्याची गरज कोणाला होती? ज्याला आपले हरवलेले माणूस शोधायचे होते त्याला.

बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वर्तमानपत्रात ऑक्टोबर १८३१ पासून ऑक्टोबर १९२१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षे, हरवलेल्या आप्तेष्टांच्या जाहिरातींचा रकाना चालला. त्या रकान्यातून चाळीस हजारांवर नोंदी आज गोळा झाल्या आहेत. एकेका जाहिरातीचा साचा पाहिला की पोलिसांच्या टिपणाची आठवण व्हावी. माणसाचे नाव, कुठल्या काउंटीतल्या, कुठल्या पॅरिशमधल्या, कित्येकदा कुठल्या टाउनलँडचा, कुठल्या साली निघाला, कुठल्या बंदरात उतरला, धंदा काय, शेवटचे पत्र आले तेव्हा कुठल्या राज्यात, कुठल्या कालव्याच्या किंवा रेल्वेच्या कामावर होता, आणि शेवटी बातमी कोणाला, कुठल्या पत्त्यावर कळवावी. शोधणारी कधी बायको, कधी आई, कधी मागाहून आलेली धाकटी बहीण. हे लिहिणाऱ्याला खोटे बोलून काही मिळणार नव्हते. उलट गाव चुकीचे छापले तर पैसे वाया जाऊन माणूसही हातचा जाणार. पेन्शनच्या अर्जात वय वाढवण्यात फायदा होता, दंड चुकवण्यासाठी जन्मतारीख सरकवण्यात फायदा होता. या जाहिरातीत मात्र खरे गाव सांगण्यातच फायदा होता. कागद सरकारी आहे की खासगी यापेक्षा तो लिहिणाऱ्याला खरे बोलण्यात काय मिळणार होते, ही कसोटी जास्त उपयोगी पडते. त्या कसोटीवर ही जाहिरात जनगणनेपेक्षा उजवी ठरते.

तीच गोष्ट मृत्यूच्या बातम्यांची. मेलबर्न, शिकागो किंवा डनीडनच्या वर्तमानपत्रात म्हाताऱ्या आयरिश माणसाच्या निधनाची चार ओळींची बातमी येई तेव्हा तो मूळचा कुठल्या काउंटीतल्या कुठल्या पॅरिशचा हे त्यात पुष्कळदा असे, कारण ती वाचणाऱ्या गाववाल्यांना ओळख पटायची तर तेवढेच पुरे होते. इकडे आयर्लंडमध्ये छापलेल्या निधनवार्तेखाली कधी कधी ‘अमेरिकन वर्तमानपत्रांनी कृपया उतरवून घ्यावे’ अशी ओळ असते. ही ओळ दिसली की समजावे, कुटुंबाचे कोणीतरी समुद्रापार आहे. ‘बॉस्टन’ किंवा ‘मेलबर्न’ असे नेमके शहर असले तर शोधाचे दुसरे टोकही हाती लागते. एका वर्तमानपत्राने दुसऱ्यातला मजकूर उचलून छापणे ही तेव्हाची सर्रास पद्धत. आज तिला चोरी म्हटले जाईल, पण मूळ अंक हरवला तरी मजकूर दुसरीकडे सापडतो तो याच पद्धतीमुळे.

यावर पहिला आक्षेप येतो तो योग्यच आहे. त्या काळची वर्तमानपत्रे जमीनदार, व्यापारी आणि बहुतांशी प्रॉटेस्टंट वर्गासाठी निघत. मुद्रांक कर १८५५ मध्ये उठेपर्यंत ती महागही होती. लग्नाच्या आणि निधनाच्या रकान्यांत कुळांना जागा नव्हती. हे सगळे खरे. पण गरीब माणूस वर्तमानपत्रात स्वतःच्या इच्छेने आला नाही, म्हणजे तो आलाच नाही असे होत नाही. तो आला आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून, जमिनीवरून हुसकावलेला म्हणून, उपाशी मेलेला म्हणून. दुष्काळाच्या वर्षांत आकस्मिक मृत्यूच्या चौकशा स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येत. मूळ चौकशीचे कागद बऱ्याच ठिकाणी राहिलेले नाहीत, बातमी राहिली. घरे पाडून कुळांना बाहेर काढले की गावचा पाद्री संपादकाला पत्र लिही आणि त्यात टाउनलँडचे नाव, कधी कुटुंबप्रमुखांची यादी असे. कर्जबाजारी जमीनदारांच्या जमिनी विकण्यासाठी १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले; त्याच्या विक्रीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत आणि त्यांच्या आधाराने मालमत्तेची छापील पुस्तिका शोधली तर तिच्यात कुळांची नावे, खंड आणि पट्ट्याच्या अटी मिळतात. चर्च बांधण्याच्या किंवा शेतकरी चळवळीच्या निधीला शिलिंग-दोन शिलिंग देणाऱ्यांच्या लांबलचक याद्याही छापत, त्या तर खालच्या थरातल्या नावांनी भरलेल्या आहेत.

गरिबांची खरी भाऊगर्दी आहे ती तालुक्याच्या छोट्या फौजदारी न्यायालयांत. १८५१ च्या कायद्यानंतरच्या त्यांच्या वह्या मोठ्या संख्येने टिकल्या आहेत. दुसऱ्याच्या शेतात गाय शिरली, दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घातला, परवान्याशिवाय कुत्रे पाळले, असल्या गुन्ह्यांनी त्या भरलेल्या आहेत. कुत्र्याच्या परवान्यांच्या वह्या १८६६ पासूनच्या वेगळ्याच. मालकाचे नाव, त्याचे गाव, कुत्र्याचा रंग आणि जात. जनगणना नष्ट झालेल्या दशकात एखादा शेतकरी अमुक टाउनलँडमध्ये जिवंत होता याचा पुरावा त्याच्या काळ्या मेंढपाळी कुत्र्याने द्यावा, यात मला तरी आयरिश वंशशोधाचे सगळे मर्म दिसते. न्यायालयाची वही तारीख आणि दंड सांगते. भांडण कशावरून झाले, कोण कोणाचा मेहुणा होता, हे आठवड्याच्या वर्तमानपत्रात सापडते. नात्यांची उकल बहुधा तिथेच होते, कारण वादी-प्रतिवादी पुष्कळदा भाऊबंदच असत.

दुसरा आक्षेप असा की वर्तमानपत्रे चुका करतात. करतात, आणि कधी ठळक करतात. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थलांतर-केंद्र उघडले. पहिली उतरली कॉर्क काउंटीतली अ‍ॅनी मूर, ‘नेव्हाडा’ जहाजातून, दोन धाकट्या भावांबरोबर. त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता असे छापून आले. ती खरी सतरा वर्षांची होती. पण हा किस्सा इथे संपत नाही. पुढे कित्येक वर्षे टेक्सासमध्ये वारलेली एक अ‍ॅनी मूर हीच ती, असे धरून चालण्यात आले. तिच्या वारसांना समारंभांना बोलावले गेले, पुस्तकांतही तीच कथा गेली. २००६ मध्ये कागद नीट तपासले तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मली होती असे निघाले. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. लोअर ईस्ट साइडच्या चाळींत संसार करून ती १९२४ मध्ये वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर दगडही नव्हता. आता दोन चुका शेजारी ठेवून पाहा. वर्तमानपत्राची चूक दोन वर्षांची होती; तिने कोणाला दुसऱ्याच घराण्यात नेऊन बसवले नाही. मोठी चूक झाली ती नुसत्या नावावर विसंबणाऱ्यांची. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे मानले, ती कुठून आली आणि कुठे राहिली हे पाहिले नाही. त्याच बातमीतले जहाज, बंदर आणि भाऊ हे तपशील बरोबर होते आणि खऱ्या अ‍ॅनीपर्यंत जायला तेच कामी आले. वर्तमानपत्रातल्या सगळ्या माहितीवर सारखाच विश्वास ठेवू नये. वय आणि भावनिक रंग यांबाबत हात आखडता घ्यावा. ठिकाण, जहाज, सोबतची माणसे यांवर जास्त भर द्यावा.

आता डीएनए चाचणी आहे, मग रद्दी चिवडत कशाला बसायचे, असेही विचारले जाते. चाचणी दोन माणसे नातलग आहेत एवढे सांगते. ती आडनाव सांगत नाही, टाउनलँड तर नाहीच नाही. शिवाय चौथ्या-पाचव्या पिढीतल्या चुलत नात्यात दोघांत सामाईक अंश उरतोच असे नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या चार पॅरिशांतच सोयरिकी झालेल्या मुलखात एकच अंश अनेक वाटांनी आलेला असू शकतो. चाचणीचा निकाल वाचायलाही कागदावरची वंशावळ लागतेच. संगणकावरच्या शोधाबद्दलही थोडे सांगायला हवे. जुन्या अंकांचे फोटो काढून यंत्राकडून अक्षरे वाचून घेतलेली असतात. घडी पडलेला कागद, पुसट शाई आणि अठराव्या शतकातला ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’ यांपुढे यंत्र हमखास फसते. म्हणून ‘नाव टाकले, काही आले नाही’ याचा अर्थ बातमी नव्हती असा होत नाही. अनुभवी शोधकर्ते नावाऐवजी टाउनलँडचे नाव शोधतात, त्याची दोन-तीन स्पेलिंग करून पाहतात, आणि मग त्या आठवड्याचा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

हा माग महाराष्ट्रातूनही जातो, आणि इथे वर्तमानपत्राची मर्यादा मान्य करावी लागते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातल्या दर पाच शिपायांत साधारण दोन आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही त्यांचा मोठा भरणा होता. कंपनीची मुंबईची एक गोरी पायदळ पलटण १८६२ मध्ये राणीच्या सैन्यात १०३ क्रमांकाची झाली आणि १८८१ मध्ये तिचेच नाव रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन असे पडले. या शिपायांची लग्ने, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफने मुंबई इलाख्यातल्या छावण्यांच्या चर्चमध्ये झाली. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही जन्म-विवाह-मृत्यूचे रकाने असत, पण त्यांत बहुतेक अधिकारीच. शिपायाचे नाव शोधायचे तर चर्चच्या वहीतच. त्या वह्यांच्या नकला नियमाने लंडनला जात आणि आज ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याची त्यांची वेगळी मालिका आहे. सैन्यातून निवृत्त होताना शिपायाला मिळालेल्या कागदावर त्याचा जन्म कुठल्या पॅरिशमध्ये, कुठल्या गावाजवळ, कुठल्या काउंटीत झाला हे लिहिलेले असे, कारण पळून गेलेला शिपाई पकडायचा तर सरकारला त्याचे गाव ठाऊक असणे भाग होते. म्हणजे गावी राहिलेल्या भावाचा कागद डब्लिनच्या आगीत जळाला, आणि पुण्या-मुंबईकडे चाकरी केलेल्या भावाचा लंडनमध्ये शाबूत राहिला. सैन्याचा हा कागद आणि बॉस्टनची ती जाहिरात, दोन्हींत गाव आहे ते एकाच कारणाने: कोणालातरी तो माणूस शोधून काढण्याची गरज होती.

जनगणनेची उणीव आता काही अंशी भरून निघते आहे. स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडच्या राज्याने पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ रोजी केली, आणि शंभर वर्षांच्या नियमाने तिचे कागद खुले होण्याचे वर्ष २०२६ आहे. त्यात सव्वीस काउंटी येतात. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींतही त्याच दिवशी जनगणना झाली होती, पण तिचे कागद टिकले नाहीत. त्यामुळे १९११ नंतर पुढची अडीच-तीन दशके बेलफास्टकडच्या एखाद्या घराण्याचा माग काढायचा, तर जन्म-मृत्यूच्या दाखल्यांबरोबर तिथल्या गावोगावच्या साप्ताहिकांचे अंकच चाळावे लागतात.